अर्धा पट्टा

दर दुसऱ्या मंगळवारी, सव्वानऊला,
बोगुमिला येते चौथ्या मजल्यावर.
लिफ्ट असूनही जिन्यानं.
लिफ्टमध्ये माणसं अंगाला लागतात.

मी कागदावर तिचं नाव लिहीत नाही,
शून्य-एक-सात लिहिते.
नियम आहे.

नागीण तीन वर्षांपूर्वीच गेली.
फोड सुकले, खपल्या पडल्या.
इथे वूचमध्ये या दुखण्याला म्हणतात अर्धा पट्टा :
कण्यापाशी सुरू होतो, बरगडीखालून वळतो,
बेंबीच्या अलीकडे थांबतो.
पट्टा सुटला.
आवळणं राहिलं.

एकतीस वर्षं ती मागावर उभी होती.
दिवे गेले तरी चिमटीत कापड धरून सांगायची
कुठे धागा तुटलाय.
आता कापडच नकोसं झालंय अंगाला.
नवऱ्याचा बनियन उलटा घालते, शिवण बाहेर ठेवून,
रात्री पांघरुणाखाली
पावाची टोपली उपडी ठेवते, तंबूसारखी,
आणि त्या तंबूच्या दाराशी जागी राहते.

मी कापसाचा बोळा हलकेच फिरवते बरगडीवर.
दुखतं?
"दुखत नाही गं. चरचरतं."
चरचरण्याला चौकट नाही फॉर्मवर.
जळजळ आहे, टोचणं आहे, विजेचा झटका आहे, बधिरपणा आहे,
आणि सगळ्यात खाली 'इतर', जागा दीड ओळ.
"लिही, धोटा येतोय-जातोय.
सूत कधीच संपलंय,
पण धोट्याला कुणी सांगितलेलं नाही."
मी लिहिते. शेवटचे तीन शब्द समासात जातात.

मग दहा सेंटीमीटरची रेघ.
या टोकाला काहीच नाही,
त्या टोकाला कल्पनेतली सर्वांत मोठी वेदना.
ती पेन्सिलीनं खूण करते, मी पट्टी लावते.
सात पूर्णांक आठ. सात पूर्णांक एक.
पाच पूर्णांक चार. तीन.

कॅप्सूलमध्ये औषध आहे की नुसती साखर
हे तिला माहीत नाही, मला नाही,
डॉक्टर झेलाज्नांनाही नाही.
फक्त एका सीलबंद पाकिटाला माहीत आहे.
तरी उतरता आलेख बघून डॉक्टर
चहा निवेपर्यंत स्क्रीनसमोर बसून राहिल्या.

बाराव्या भेटीला मी घाईत होते.
विसरले, आणि तिचा कोट काढायला हात लावला.
तिचा चेहरा खडूसारखा झाला.
आवाज मात्र केला नाही.
मग खुर्चीत बसून, पेन्सिल नीट धरून,
तिनं दोनवर खूण केली.

दोन?

बराच वेळ ती पेन्सिलीचं टोक बघत राहिली.
"मागं तू फोनवर बोलत होतीस.
तुझा पोरगा आजारी होता ना.
म्हटलं, या बाईला दिवसातून एक तरी
चांगली बातमी मिळू दे."

किती भेटींपासून?
"मोजले नाहीत. चार असतील."
आणि मग, जरा चिडून :
"तुम्हीही काय विचारता,
चोवीस तासांची सरासरी!
रात्री तीनचा एक तास
किती तासांचा धरायचा?"

त्यासाठीही फॉर्म आहे, फिकट निळा.
नोंदीतील विसंगती. तारीख. सही. कारण.
कारणापुढे पुन्हा दीड ओळ.
मी लिहिलं : रुग्णाला परिचारिकेची काळजी वाटली.
खोडलं नाही. खोडायचं असेल तर
एकच आडवी रेघ मारून शेजारी सही करायची असते,
आणि कुठल्या शब्दावर मारू ते सुचेना.

डॉक्टरांनी त्या दिवशी चहा उभ्यानंच प्यायला.
पाकीट मार्चमध्ये उघडेल.

तोवर ती येते.
कोट काढताना मी दोन पावलं लांब उभी राहते.
"पोरगा?" ती विचारते.
बरा आहे, मी म्हणते.
ती माझ्याकडे बघते,
पट्टी लावून बघावं तशी.